इंदुताई नक्की कुणाच्या?

चाकणच्या एका कारखान्यात मालोजी अकरा वर्षं पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. मूळचा धाराशिवकडचा, राहायला रहाटणीत, हाताचा पक्का आणि बोलायला कमी. उन्हाळ्यात शेजारच्या मशीनवरच्या कामगाराची दोन बोटं गेली. चौकशीत मालोजीचा जबाब घेतला, सहीही घेतली. कागद इंग्रजीत होता. तेव्हापासून त्याच्या मनानं घेतलं, हे सगळं आपल्यावरच शेकणार.

झोप उडाली. सुपरवायझर फोनवर हसला तरी ते आपल्यालाच, असं वाटायचं. कंपनीच्या बसमध्ये तो शेवटच्या सीटवर बसू लागला, पाठीमागं कुणी नको म्हणून. "काय होतंय तुम्हाला?" असं बायकोनं, मंजुळानं, विचारलं तर तो तिच्यावरच उखडला, "तुला कुणी इचारायला लावलं?"

त्याच सुमारास कंपनीत नोटीस लागली: कामगारांपैकीच पाचजणांना 'सोबती' नेमलंय, मनावर ताण असेल तर त्यांच्याशी बोला. त्यातल्या एक इंदुताई. इथल्याच गावच्या, पन्नाशीच्या, स्टोअरमध्ये हातमोजे आणि हत्यारं द्यायच्या. जेवणाच्या सुट्टीत त्या मालोजीसमोर येऊन बसल्या.

"जेवत न्हाईस का रं?"

"भूक नाही."

त्या आपली भाकरी खात राहिल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या. तिसऱ्याही. मालोजी मनात म्हणाला, पगार कंपनीचा, बिल्ला कंपनीचा, मग गुपित आपलं कसं राहील? त्यानं एक डाव टाकला.

"कुणाला सांगू नका ताई, मी दिवाळीनंतर नोकरी सोडायलोय. तळेगावला बोलणं झालंय."

शुद्ध थाप. साहेबांच्या कानावर गेली की ताई उघड्या पडणार होत्या. तो वाट बघत राहिला. दोन आठवडे गेले, कुणी चकार शब्द काढला नाही. त्यामुळं तर त्याचा संशय दुणावला. एवढं दाबून ठेवतात म्हणजे आत काहीतरी मोठं शिजतंय.

श्रावणातल्या एका सकाळी सुपरवायझर सहीसाठी कागद घेऊन आला. सुरक्षेच्या प्रशिक्षणाचा, सगळ्यांसाठीच होता. मालोजीनं तो टराटरा फाडला आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली. बाहेर गर्दी जमली. कुणी दार बडवलं, कुणी मोबाइल वर धरला. सुपरवायझर दार तोडायला सांगू लागला.

इंदुताई धावत आल्या. "आधी लांब व्हा सगळे. मोबाइल खिशात घाला." कंपनीच्या नर्सला त्यांनी जवळच थांबवलं आणि स्वतः दाराशी फरशीवर बसल्या.

"मालोजी, मी हाय. दार उघडू नगंस, नुसतं बोल."

"कुणी धाडलं तुम्हाला?"

"आज कुणी न्हाई. पर ह्या कामावर कंपनीनंच नेमलंय. खोटं कशाला बोलू?"

त्या नाकारतील असं त्याला वाटलं होतं. तो म्हणाला, "ती तळेगावची थाप होती."

"ठाऊक हाय. कुणाला सांगू नका म्हणालास, म्हून न्हाई सांगितलं. पर तू जिवाचं बरंवाईट करणार असशील तर मी गप बसायची न्हाई. नर्सला सांगीन, मंजुळाला सांगीन. तसं मनात येतंय का?"

इतकं सरळ त्याला कुणी विचारलं नव्हतं. आतून आवाज आला, "येतंय. चार-पाच दिवस झाले."

"मलाबी यायचं. घरचं मालक वारलं त्या वर्षी. आठ महिने गोळ्या घेतल्या."

"खरं कशावरून?"

"माझ्यासंगं पिंपरीच्या डॉक्टरकडं चल. माझी फाइल तुझ्या हातानं उघडून बघ."

पाऊण तासानं कडी निघाली. नर्सनं मंजुळाला बोलावून घेतलं आणि त्याच दुपारी ती दोघं आणि ताई पिंपरीच्या डॉक्टरांकडे गेली. मालोजीनं खरंच आधी ताईंची फाइल मागितली, पानन् पान उलटलं, मगच स्वतःचं नाव सांगितलं.

दोन महिने रजा, गोळ्या, हळूहळू झोप. मग ताईंच्या ओळखीच्या युनियनवाल्यानं तो इंग्रजी जबाब मराठीत वाचून दाखवला. मालोजीवर त्यात काही ठपका नव्हता. पण अपघात झालेल्या मशीनचं कव्हर आधीपासून तुटलेलं होतं, हे त्यानं सांगितलेलं वाक्यच गायब होतं. म्हणजे त्याचा सगळाच संशय आजारातून आलेला नव्हता. त्यानं मराठीत नवा जबाब दिला, ताई शेजारी बसून राहिल्या.

आता तो पॅकिंगला असतो. महिन्यातून एकदा पिंपरीला जातो. एखाद्या दिवशी जुनी शंका डोकं वर काढते, तेव्हा तोंडावर सांगतो, "ताई, आज तुमच्यावर भरवसा बसंना."

"नगं बसू दे," त्या म्हणतात. "गोळी घेतलीस का?"