गिरजाबाई शहर खायला निघाल्या

मी एसटीत कंडक्टर होतो. माणसांना पुढे सरकवणं हा माझा धंदाही होता आणि स्वभावही. बायको कमला म्हणते, रिटायर झाले तरी आवाज बसमधलाच राह्यला. असेल. पण उभ्या हयातीत एका माणसाला मला जागचं हलवता आलं नाही, त्या आमच्या गिरजाबाई.

चंद्रपूरला बदली झाली तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. बिनबा गेटाच्या आतल्या गल्लीत गिरजाबाईंची मेस होती. घुग्घुसच्या खाणीतून शिफ्ट करून आलेले, कॉलेजची पोरं आणि आम्ही आगारातले लोक, सगळे तिथेच जेवायचो. नवरा लवकर गेला, मुलगा प्रणित मांडीएवढा, म्हणून बाईंनी लोकांना जेवू घालायला सुरुवात केली आणि ते काम गेल्या दिवाळीपर्यंत सोडलं नाही. पावसाळ्यात त्या वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोवळ्या कोंबांची, भाजी करायच्या. तिच्या वासानं मी मूल गावाची शेवटची फेरी पाच मिनिटं आधी आणलेली आहे. लग्न झाल्यावर मी मुद्दाम त्याच गल्लीच्या टोकाला घर घेतलं. कमलाला अजून वाटतं, भाव कमी होता म्हणून.

गिरजाबाई मूळच्या पोंभुर्ण्याकडच्या. त्यांच्या गावचा रिवाज असा, की वाढणाऱ्यानं पंगत उठल्याशिवाय घास घ्यायचा नाही. गावात पंगत वर्षातून चार वेळा. इथे दिवसातून दोनदा आणि तीही संपता संपत नसे. शेवटचा खाणवाला हात धुऊन गेला की बाई दार लोटून आत काय खायच्या, कधी खायच्या, देव जाणे. त्यांना जेवताना कोणी पाहिलं नव्हतं. आम्हाला त्यात काही वावगंही वाटत नसे, जशी ड्रायव्हरनं झोपू नये तशी वाढणारीनं बसू नये.

आता प्रणित पुण्यात नोकरीला आहे. त्यानं आणि सूनबाई दिव्यानीनं आईला कायमचं घेऊन जायचं ठरवलं. मेस बंद झाली, मोठी पातेली विकली. संक्रांतीनंतर निघायचं होतं. एका सकाळी बाई आमच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"कंडक्टरभाऊ, मले हे शहर खायाचं आहे," त्या म्हणाल्या.

मला आधी कळेना. मग त्यांनीच सांगितलं. मेसमधली पोरं कधी जेवायला आली नाहीत, की दुसऱ्या दिवशी काल बाहेर काय हाणलं ते चवीनं सांगायची. जटपुरा गेटचा तर्री-पोहा, गांधी चौकातला आलूबोंडा, पठाणपुऱ्याचे कांदाभजे. तीस-पस्तीस वर्षं बाईंनी अख्खं चंद्रपूर कानानं खाल्लं होतं. जिभेवर त्यातलं काहीच आलं नव्हतं.

"तिकडं गेल्यावर कोणी इचारलं, तुमच्या चंद्रपुरात काय भेटते, त मी काय सांगू? मले मायाच हातचं मालूम."

मला भरून आलं, आणि मला भरून आलं की मी ओरडतो. "मग इतकी वर्षं काय करून राह्यल्या होत्या?" मी ओरडलो. नंतर शांतपणे त्यांना रस्ता सांगितला, अगदी थांबे सांगावेत तसा. सकाळी जटपुरा गेटला उतरा, म्हणजे पायी पोचा. पोहा खा. सरळ गांधी चौकात या, आलूबोंडा खा. तिथून तशाच पठाणपुरा गेटपर्यंत चालत जा. मी सोबत येतो म्हटलं तर नको म्हणाल्या. "तुमी असले त मी तुमालेच वाढत बसीन."

दुपारी बाई परतल्या त्या तोंड सुकलेलं घेऊन. कमलानं विचारलं, काय काय खाल्लं? म्हणाल्या, पाणी पेले.

झालं होतं असं. जटपुरा गेटच्या गाडीपुढे गर्दी. बाईंचा नंबर आला तसा त्यांनी मागच्या शाळेच्या पोरींना पुढे केलं. शाळेला उशीर होत असंल म्हणून. मग एका म्हाताऱ्याला, मग एका रिक्षावाल्याला. पातेल्यातली तर्री संपली तेव्हा बाई हात पुसत तिथेच उभ्या. गांधी चौकात तर त्याहून कहर. आलूबोंडेवाला एकटाच तळत होता, बशा वेळेवर जात नव्हत्या. बाईंना ते बघवेना. त्यांनी बशा घेतल्या, चटणी घातली, कोणाला आणखी मिरची हवी विचारलं आणि तासभर त्याचं गिऱ्हाईक सांभाळलं. एकानं त्यांच्या हातात पैसे दिले, ते त्यांनी इमानदारीनं गल्ल्यात टाकले. पठाणपुऱ्याला जायचं त्राण उरलं नाही.

घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणारे मी पाहिले होते, पण ह्यांनी घरचंही खाल्लं नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार दिवसांनी मी जबरदस्तीनं सोबत गेलो. पोह्याच्या गाडीवर दोन प्लेटी सांगितल्या आणि खिशातून सुटे काढायला वळलो. वळून बघतो तर एक प्लेट माझ्या हातात आणि दुसरी बाईंनी शेजारच्या माणसाच्या हातात दिलेली. स्वतः पदर खोचून आमच्यासमोर उभ्या. "तर्री टाकू का अजून?" मला ठसका लागला. तो पोहा मी रागानं खाल्ला, आणि चांगला होता हे कबूल करायला मला वाईट वाटतं.

घरी येऊन मी कमलाला म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते हेच. ही बाई पुण्याला जाईल, तिथेही पोरगा-सून जेवून उठेपर्यंत ओट्याशी उभी राहील, आणि मग आत दार लोटून काय उरलं असेल ते खाईल. मरेपर्यंत हेच. कमलानं नुसता चहा माझ्यापुढे सरकवला.

संक्रांत तोंडावर आली. प्रणितचा फोन आला, शनिवारी पोचतो. गुरुवारी संध्याकाळी बाई एकट्याच निघाल्या. मी दारातून पाहिलं. बोलून काय होत होतं?

पठाणपुरा गेटजवळ अन्नपूर्णा नावाची एक बाई भज्यांची गाडी लावते. सिरोंच्याकडची आहे, मराठीत मधूनच तेलुगू बोलते आणि भांडण पूर्ण तेलुगूत करते. पुढचं मला दोघींनीही सांगितलं, त्यामुळे त्यात खोटं काही नसावं. गिरजाबाई गाडीच्या बाजूला उभ्या राहिल्या. गिऱ्हाईक येत होतं, घेत होतं, जात होतं. अन्नपूर्णाला वाटलं, ही बाई कामाला ठेवा म्हणायला आली असणार. गर्दी ओसरली, पीठ संपत आलं, तरी ही आपली उभीच.

"काय पायजे बाई? कवापासून उभ्या आहा."

"भजे."

"मग बोलल्या काऊन नाई?"

"सगळ्यायचं होऊ द्या म्हटलं."

अन्नपूर्णानं त्यांच्याकडे नीट पाहिलं. पदर खोचलेला, हाताच्या मागे जुन्या भाजलेल्याचे डाग. तसेच डाग तिच्याही हातावर होते. तिनं विचारलं, तुमची गाडी कुठी? बाई म्हणाल्या, गाडी नाई, मेस होती. बस, एवढ्यानं ओळख पटली. भांड्याच्या तळाला जे पीठ होतं ते अन्नपूर्णा रोज स्वतःसाठी ठेवते. तिनं त्यात कांदा वाढवला, घाणा काढला आणि एकाच ताटलीत ओतून गाडीमागच्या स्टुलावर ठेवला.

"घ्या."

"आधी तुमी घ्या."

"मी वाढणारी आहो. मी आधी कशी घेऊ?"

"मी बी वाढणारीच आहो," गिरजाबाई म्हणाल्या.

आता घ्या. दोघी ताटलीच्या दोन बाजूंना उभ्या आणि मधे भजे. पोरांची शपथ घालून झाली, वयाचा मान सांगून झाला. एकीही हटेना. शेवटी अन्नपूर्णाचं डोकं सटकलं. ती तेलुगूत काहीतरी कडकड बोलली, गिरजाबाईंचं मनगट धरलं, दुसरा हात आपला घातला आणि दोघींचे हात एकदमच ताटलीत गेले. कोण आधी नाही, कोण नंतर नाही.

बाईंनी भजं तोंडात टाकलं आणि जीभ भाजली.

रात्रीच्या जेवणाआधी त्या आमच्याकडे आल्या आणि कमलाला जीभ काढून दाखवू लागल्या, लहान पोरीसारख्या. कमला घाबरली, तूप आणायला धावली. बाई हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी येत होतं. म्हणाल्या, "फुकून खायाचं राह्यते ते मले ध्यानातच नाई आलं. मी गरम कधी खाल्लंच नाई ना बाप्पा." मी उठून अंगणात गेलो. मला तिथे काही काम नव्हतं.

शुक्रवारी त्यांनी पोहाही खाल्ला आणि आलूबोंडाही. चटणी कच्ची आहे असं त्या आलूबोंडेवाल्याला तोंडावर सांगून आल्या, तो अजून माझ्याकडे तक्रार करतो.

शनिवारी प्रणित आला. जाण्याआधीचं जेवण आमच्याकडे. कमलानं चार ताटं मांडली, भात, वरण, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगांची भाजी. मी मनाची तयारी करून बसलो होतो की आता बाई उठतील, पळी घेतील आणि मी ओरडीन. बाई उठल्याही. अर्धवट उठल्या, पळीकडे बघितलं, आणि मग परत पाटावर बसल्या. भात कालवला. आम्ही कोणी सुरुवातही केली नव्हती. त्यांनी घासावर फुंकर मारली आणि तोंडात घातला.

प्रणितचा हात ताटातच थांबला. तो आईकडे बघत राहिला. चांगला बाप्या माणूस, पुण्यात हाताखाली माणसं आहेत त्याच्या.

"आई," तो म्हणाला, "तुले जेवताना मी आज पयल्यांदा पाहून राह्यलो."

"पाहून काय राह्यला," गिरजाबाई दुसरा घास कालवत म्हणाल्या, "जेव. थंडं होऊन राह्यलं."