रिकाम्या रिक्षाची साक्ष

परवा भर पंगतीत माझ्या पुतण्याने तीच कथा पुन्हा सांगितली: काकाने काकूच्या पायात इंजेक्शने टोचवली, वर तिला दवाखान्यापासून घरापर्यंत पायी चालवत आणले, म्हणून तिच्या पायावर तो तपकिरी डाग राहिला. त्या वेळी हे गृहस्थ जन्मालाही आले नव्हते. जे जन्मले होते, त्यांनी तरी काय पाहिले होते?

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझी पत्नी मुलींच्या शाळेत शिकवीत असे. वर्षानुवर्षे उभे राहून तिच्या दोन्ही घोट्यांच्या वर निळ्या-तांबड्या बारीक शिरांचे जाळे पसरले होते. दुखणे फारसे नव्हते. पण फळ्याच्या वरच्या टोकाशी लिहिताना लुगड्याचा काठ वर सरके आणि मुली विचारीत, बाई, कुठे पडलात? मार्चच्या उन्हातही ती मोजे घालून जाई. उपचाराचा निर्णय तिचा होता, माझा नव्हे.

धंतोलीतल्या सर्जनने केसासारख्या सुईने डाव्या पायाच्या शिरांत औषध सोडले, पाय पट्टीने घट्ट बांधला आणि बजावले की लगेच चालायला लागा, पट्टी मी सांगेपर्यंत सोडू नका. शेकणे नाही, चोळणे नाही. म्हणून आम्ही चाललो. ती थकली तर हाताशी असावी म्हणून मी सायकलरिक्षा ठरवून मागे ठेवली होती. रिक्षावाला वैतागला. "साहेब, बाईले बसवा ना. मी रिकामी गाडी ओढून राहिलो, लोकं मलेच हसून राहिले." गल्लीतल्या साऱ्यांना चालणारी बाई दिसली. मागची रिक्षा पुढे एकालाही आठवली नाही.

माझी थोरली बहीण आमच्याकडेच राहत असे. घरातल्या साऱ्या बाळंतिणी तिच्याच हातांनी उभ्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत असताना तिने पट्टी सोडली, कोमट एरंडेल चोळले आणि शेगडी ठेवून पाय शेकला. पाय लालबुंद झाला आणि पुढे तिथे डाग उमटला. सर्जन म्हणाले, असा डाग चोळल्याने पडतो, कधी न चोळताही पडतो. मी बहिणीला तेव्हा दोष दिला नाही, आजही देत नाही. तिने मात्र आल्यागेल्यासमोर मलाच विचारले, "काहून चालवलं गा तिले?" आणि उजव्या पायाला सुई लागणार नाही, असेही जाहीर केले.

त्या बोलण्याला विटून मीही म्हणालो, राहू द्या. दोषच द्यायचा असेल तर मला त्या दोन शब्दांचा द्या. कारण त्या क्षणी मी माझा अभिमान सांभाळला, पत्नीची इच्छा नाही.

ती तिने स्वतः सांभाळली. काही आठवड्यांनी ती चपला घालून दारात उभी राहिली आणि बहिणीला म्हणाली, "आक्का, पट्टी तुम्ही सोडली. मायेनंच सोडली, मले माहीत आहे. पण आता या पायाले हात लावू नका." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चला. अन् येताना रिक्षा सांगू नका."

तेच औषध, तीच सुई, तोच रस्ता. आणि येताना तितकेच चालणे. या खेपेस पट्टीला कोणी हात लावला नाही. उजव्या पायावर डाग पडला नाही.

पट्टी निघाली त्या दिवसापासून ती मोज्यांशिवाय शाळेत जाऊ लागली, डाव्या पायावरचा डाग उघडा ठेवून. ज्या डागापायी मला आजवर बोल लावला जातो, तो तिने एक दिवसही झाकला नाही.