जावाच्या पत्राखालचा अंगठा

अमरावतीच्या बाजारात हार विकणारी ती माळीण मला रोज वर्तमानपत्र वाचायला लावी. जपान हरून महायुद्ध संपलं, तरी तिचा मुलगा घरी न येता इंग्रजांच्या पलटणीबरोबर जावात गेला होता. तिथे इंग्रज आणि जावाचे जुने राज्यकर्ते डच मिळून बंडखोरांशी लढत होते.

"पुढं सरकले का मांगं?" एवढंच ती विचारी. पुढे म्हटलं तरी तिचा चेहरा उजळत नसे. बोटं फुलं ओवत राहत.

एकदा म्हणाली, "हे बंडखोर कोन्या गावचे?"

"तिथलेच. देश त्यांचाच आहे."

"मंग आपल्याच घरात लढनारा बंडखोर कसा, भाऊ?"

तिची सुई प्रथमच थांबली. "लिही पोराले, त्याइच्यावर गोळी झाडू नोको."

मी दचकलो. "मावशी, फौजेत पत्रं फोडून वाचतात. त्याला शिक्षा होईल."

"शिक्षा भोगून येईन थो. पन लोकाच्या घरात घुसून मानसं मारून आला, त मी त्याले जेवाले कशी वाढू?"

मी लिहिलं. तिने शाईचा अंगठा उमटवला. "माह्यं नाव साफ लिही."

अंगठ्याखाली ‘दस्तुर’ म्हणून लिहिणाऱ्यानेही नाव घालायची रीत आहे. सरकारविरुद्ध मी चोरून वाटत असलेल्या माझ्या जळजळीत पत्रकांखाली पकडलं जायच्या भीतीने मी कधीच नाव घातलं नव्हतं. त्या दिवशी पूर्ण नाव घातलं.