अंगठ्यासाठी बोकडाची चरबी

रेशन दुकानदार म्हणाला, "मावशी, तुम्हाला अंगठाच नाही."

मी अंगठ्याकडे पाहिलं. होता. पण यंत्राच्या काचेवर ठेवला की लाल दिवा लागायचा. दुकानदाराने माझी दहाही बोटं एकेक करून काचेवर दाबली. दहाही वेळा लाल. मागे रांग होती, आणि रांगेचा वेळ जात नव्हता.

"केसांना पुसा, तेल लागलं की येतो."

"फुंकर मारा."

"पदराला घासा जोरात."

मी सगळं केलं. एका बाईने तर माझा अंगठा स्वतःच्या पदराला घासून दिला, माझ्या पदरातच काही खोट असेल म्हणून. तरी लाल.

"भांडी घासता का?" दुकानदाराने विचारलं.

मी मान हलवली. डोंबिवलीत लग्नाच्या एका कार्यालयात मी वीस वर्षं भांडी घासते. माणूस आत बसेल एवढी पातेली, तारेची घासणी आणि बादलीत कालवलेली पावडर. बोटांच्या रेषा तिथेच कुठेतरी गटारात गेल्या असणार. हाताची कातडी तर तळं आटल्यावर चिखल तडकतो तशी झाली होती.

"महिनाअखेरपर्यंत केवायसी नाही झाली तर नाव कटणार," तो म्हणाला. "मी नाही कापत हां. वरून कटतं."

आमचे हे गेल्यावर कार्ड माझ्या नावावर झालं. कुटुंबप्रमुख म्हणून माझं नाव सगळ्यात वर, खाली लेकीचं. माझं नाव पहिलं आहे असा आमच्या घरातला तो एकच कागद. तांदूळ-गव्हाचं काहीतरी झालं असतं, पण ते नाव कटू नये असं मला फार वाटत होतं. कुणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं ते नव्हतंही.

माझी आई अंगठा देणारी होती. कुठेही गेलं की शाईचा डबा तिच्यापुढे सरकवायचे. म्हणून तिने मला चौथीपर्यंत तरी शाळेत ठेवलं. "सही आली पाहिजे," म्हणायची, "बोट पुढे करायची पाळी येऊ नये." मला सही येते. चांगली येते. पण आता सही कुणी मागतच नाही.

लेक कल्याणला कपड्यांच्या दुकानात कामाला आहे. ती म्हणाली, "आई, मोबाईलवर चेहरा दाखवून पण होतं." तिने करून पाहिलं. ओटीपी ह्यांच्या जुन्या नंबरवर गेला, आणि तो नंबर आता दुसऱ्याच कुणाकडे आहे. लेकीने त्याला फोन लावून सगळं समजावलं. तो माणूस शांतपणे म्हणाला, "ताई, ओटीपी कुणाला सांगायचा नसतो," आणि त्याने फोन ठेवला. मग नंबर बदलायला आम्ही आधार केंद्रावर गेलो. तिथली मुलगी म्हणाली, बदलून देते, आधी अंगठा लावा.

मी पुन्हा रेशन दुकानात गेले. दुकानदाराला दया आली असावी. "हाताला काहीतरी लावा," तो म्हणाला. "कातडी मऊ झाली की येतात रेषा वर. रोज लावा."

तेव्हा मला आईचं मलम आठवलं. थंडीत तिच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा पडायच्या. ती बोकडाची चरबी वितळवून त्यात मधमाशीचं मेण घालायची आणि तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायची. आठ दिवसांत भेगा मिटायच्या. लेकीला सांगितलं तर ती हसली नाही. मोबाईल पुढे करून म्हणाली, "अगं, हे आता चालू आहे. परदेशातल्या बायका चरबी तोंडाला फासतात आणि महागात विकतात." त्यातली एक बाई मी पाहिली. तिला भांडी घासावी लागत असतील असं वाटलं नाही.

विठ्ठलवाडी स्टेशनजवळ आमचा नेहमीचा मटणवाला आहे. बुधवारी दुपारी गेले. पुढे चार-पाच पुरुष होते. माझा नंबर आला तशी मी हळूच म्हणाले, "नुसती चरबी पाहिजे. एक किलो."

"नुसती? कुत्र्याला का?"

अंगठा, यंत्र, आईच्या टाचा, हे सगळं त्या पुरुषांसमोर सांगायचं म्हणजे मला घाम फुटला. मी मान हलवली.

"केवढा आहे?"

मी हाताने गुडघ्याएवढा दाखवला.

"भुंकतो का नीट?"

मी नाही म्हणून मान हलवली. कुत्राच नव्हता, तर भुंकणार कुठून.

"सुस्त असेल. चरबीने अजून सुस्त होईल. हाडं न्या, मी ठेवत जाईन बाजूला," म्हणत त्याने किलोभर चरबी बांधून दिली. त्या दिवसापासून तो मला लांबून हाक मारून कुत्र्याची चौकशी करू लागला, आणि मी पिशवीभर हाडं घरी आणू लागले.

चरबी बारीक चिरली. जाड बुडाच्या पातेल्यात पेलाभर पाणी आणि चिमूटभर मीठ घालून मंद गॅसवर ठेवली. घाई करायची नाही, लाल होऊ द्यायची नाही. दीड तास लागतो. आईच्या वेळी चूल घराबाहेर होती, हे मी विसरले होते.

आमच्या चाळीत मटणाचा वास म्हणजे निरोपच. रविवारी आला तर कुणी काही विचारत नाही. मधल्या वारी आला तर पाहुणे. आणि घरात लग्नाची मुलगी असली तर पाहुणे कोण, तेही विचारायला लागत नाही.

आधी शेजारच्या काकू आल्या. दारातूनच म्हणाल्या, "एवढं मोठं आणि बोलल्या नाहीत?"

मी पातेलं ढवळत होते.

"किती जण येणार?"

मी गॅस आणखी बारीक केला.

"जास्त असतील," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "म्हणून टेन्शन आलंय." आणि गेल्या.

थोड्या वेळात गॅलरीत झाडूचा आवाज आला. मग खुर्च्या सरकल्या. मी बाहेर डोकावले तर आठ प्लास्टिकच्या खुर्च्या ओळीने मांडल्या होत्या, आणि कुणाच्या तरी घरचे चांगले कप ट्रेमध्ये पालथे घालून ठेवले होते. चौघी कांदा चिरत बसल्या होत्या. त्यांना मी नाही म्हणू शकले असते. पण इतकं सगळं झाल्यावर नाही म्हणणं मला आणखी अवघड वाटलं.

लेक सातला आली. काकूंनी तिला जिन्यातच गाठलं. "साडी कुठली नेसतेस? ती हिरवी नको, तुला खुलत नाही."

लेक आत आली, दार लावलं आणि म्हणाली, "आई, माझं लग्न ठरलंय. तुला माहीत होतं?"

मग तीच बाहेर गेली आणि सांगून टाकलं की पाहुणे वगैरे कुणी नाही, आई अंगठ्यासाठी मलम करतेय.



"नसेल बोलवायचं तर नका बोलवू," काकू म्हणाल्या. "आम्ही काय जेवायला टपलोय? पण मलम कशाला म्हणता? दीड तास वास घेतोय आम्ही."

मी पातेलं बाहेर आणून ठेवलं. दुसरा पुरावा नव्हता. काकूंनी चमचा फिरवून तळ पाहिला. "मटण कुठंय?"

"मटण नाहीच."

"मग कांदा कशाला चिरला आम्ही?"

ते मलाही सांगता आलं नसतं. शेवटी मी चरबी गाळून घेतली आणि फडक्यात राहिलेले कुरकुरीत तुकडे त्या कांद्यावर परतले. मीठ-मसाला घातला. आठ खुर्च्यांवर आठ जणी बसल्या आणि भाकरीबरोबर ते खाल्लं. काकू म्हणाल्या, मलम चांगलं झालंय.

गाळलेली चरबी गार झाल्यावर पांढरी वडी जमली. खालचं पाणी टाकलं, वडीचं बूड खरवडलं, पुन्हा वितळवून त्यात कल्याणहून आणलेलं मेण घातलं आणि डब्यांत ओतलं. रोज झोपताना मधल्या बोटावर घेऊन दोन्ही अंगठ्यांना चोळायचं आणि वर दुधाची पिशवी बांधायची. तिसऱ्या दिवसापासून चाळीतली मांजरं माझ्या मागे चालू लागली. मी नळावर गेले की ती नळावर, मी संडासला गेले की ती बाहेर ओळीने.

पण दिवसभर पावडरीत हात घातले तर मलम काय करणार. वीस वर्षांत मी कार्यालयाच्या मॅनेजरकडे काही मागितलं नव्हतं. खाली बघत म्हणाले, "आठ दिवस पाण्याचं काम नको होतं." तो चांगला माणूस आहे. त्याने मला दारात उभं केलं. काठापदराची साडी नेसून येणाऱ्या पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायचं आणि हसायचं. मी पातेल्याच्या आत बसून वीस वर्षं काढली होती ती माणसांसमोर हसावं लागू नये म्हणूनच. मी पाहुण्यांच्या पायांकडे बघत शिंपडत राहिले. एक बाई नाक वर करून दुसरीला म्हणाली, "आत मटण आहे वाटतं." दुसरी म्हणाली, "अगं, पत्रिकेत शाकाहारी लिहिलंय." तरी पहिली लगबगीने आत गेली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी रेशन दुकानात गेले. हात मऊ झाले होते. निघताना भीती वाटली म्हणून अंगठ्यांना आणखी एक हात दिला. काकू सोबत होत्या, त्यांना आता शेवट बघायचा होता. दोन मांजरंही आली.

अंगठा काचेवर ठेवला. तो सरकला. पुन्हा ठेवला, पुन्हा सरकला. लाल.

"हे काय लावलंय?" दुकानदाराने काच शर्टाने पुसली. काच आणखी धुरकट झाली. मागच्या माणसाला बोलावून त्याचा अंगठा लावून पाहिला. त्याचाही लाल. त्याच्या मागच्याचाही. आता आख्ख्या रांगेला अंगठा नव्हता.

"मावशी, काय केलंत तुम्ही?"

तेवढ्यात मागून आवाज आला, "ताई, कुत्रा कसा आहे?" मटणवाला रांगेत होता.

"कुत्रा?" काकू वळल्या. "हिच्याकडे कुठला कुत्रा?"

"गुडघ्याएवढा. भुंकत नाही तो. मी रोज हाडं देतो त्याला."

"ती हाडं? त्याचं सूप करून आम्हाला पाजलं हिने."

सगळी रांग माझ्याकडे बघत होती. मान हलवून भागेल असं काही उरलं नव्हतं. मी बोलले. चरबी, मेण, आईच्या टाचा, मटणवाल्यापुढची मान, खुर्च्या, कांदा, सगळं. केवढ्या मोठ्याने बोलले ते मला नंतर काकूंनी सांगितलं. शेवटी म्हणाले, "कार्डावर माझं नाव पहिलं आहे. ते कटू नये म्हणून केलं."

कुणी हसलं नाही. मटणवाला म्हणाला, "म्हणजे नाहीच कुत्रा." त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

दुकानदाराने साबणाची वडी आणि पाण्याची बाटली दिली. मी हात धुतले, त्याने काच धुतली. उजवा अंगठा लाल. डावा लाल. पहिलं बोट लाल. मग मधलं बोट ठेवलं, ज्याने मी रोज चोळत होते. यंत्र थांबलं. काकूंनी माझा खांदा धरला. हिरवा.

मलम लावलं अंगठ्यांना, आणि मऊ झालं होतं लावणारं बोट.

"झालं," दुकानदार म्हणाला. "नाव राहिलं." लगेच त्याने पुढचा नंबर पुकारला, आणि सवयीने पावतीची वही नि शाईचा डबा माझ्यापुढे सरकवला. "इथे अंगठा द्या."

"सही येते मला," मी म्हणाले.

त्याने पेन दिलं. मी पूर्ण नाव लिहिलं, ह्यांचंही, आडनावही. रांग थांबली होती, थांबू दिली. माझ्या हाताखाली कागद जरा तुपकट झाला होता, म्हणून मधलं एक अक्षर फिकं उमटलं. तेवढं मी पुन्हा गिरवलं.