फ्रिगेट पोचवायला गेले तेव्हा

आमचे हे नौदलात होते, फ्रिगेटवर. फ्रिगेट म्हणजे लढाईची मोठी बोट, पण आमच्या घरात तिला नुसतं 'बोट' म्हणत. नऊ वर्षं ह्यांनी तिचं इंजिन सांभाळलं. माझा आवाज आठवडाभर बसलेला असला तरी ह्यांना पत्ता नसायचा, आणि सुट्टीवर आले की जेवताना सांगत बसायचे, पंप कसा खरखरतो आणि थंडीत कसा रुसतो. सवतच होती ती माझी. मी शहापूरची, तोंडावर बोलणारी, तेव्हा हे मी ह्यांनाही ऐकवलेलं आहे.

मग सरकारनं ती बोट दुसऱ्या देशाला विकली. मला वाटलं, बरं झालं, सुटले. पण नाही! बोट तिकडच्या बंदरापर्यंत आपल्याच माणसांनी न्यायची, तिकडच्या माणसांना सगळं शिकवायचं आणि मग आपला झेंडा उतरवून माघारी यायचं, असं ठरलं. जाणाऱ्यांच्या यादीत ह्यांचं नाव होतं.

त्याच महिन्यात सासऱ्यांच्या पोटात पाणी झालं. मुरबाडच्या डॉक्टरांनी कल्याणला पाठवलं आणि कल्याणच्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, आता घरीच न्या. सासऱ्यांना काही सांगावं लागलं नाही. माझं तोंड बघून त्यांना कळलं. गाडीत बसता बसता म्हणाले, "त्याला सांगशील तर माझी शपथ हाय."

बोटीवर जाण्याआधी हे सुट्टीवर घरी आले तेव्हा म्हणालेच होते, "बाबा, तुमची तब्येत बरी नाय. मी नाव काढून घेतो."

सासरे चिडले. त्यांचा जन्म बैलांत गेलेला. म्हशाच्या जत्रेत विकलेला बैल त्यांनी कधी बाजारातून परस्पर जाऊ दिला नाही. नव्या मालकाच्या गोठ्यापर्यंत स्वतः चालत जायचे, पहिली पेंडी आपल्या हातानं घालायचे, ह्याला डावीकडं जुंपा, ह्याच्या कानाला हात लावू नका, असं सगळं सांगायचे आणि मगच आमच्या गावी, वैशाखऱ्याला, परत यायचे. आमच्या घरची रीतच होती ती.

"इतकी वर्षं पाळलीस, आन् परक्याच्या दारात नुसती सोडून देणार?" ते म्हणाले.

"बाबा, ती बोट हाय. बैल नाय."

"ठावं हाय मला. पन तिची खोड तुलाच ठावं ना? मग जा की. मी काय पळून चाललोय?"

मी चुलीपाशी होते. तेव्हाच बोलायला हवं होतं. एरवी माझ्या जिभेला हाड नसतं, त्या दिवशी मात्र दातखीळ बसली. शपथ होती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, म्हातारा काटक आहे, दोन महिने काढील. हे गेले.

वाटेतल्या शेवटच्या बंदरातून दुपारी फोन आला. "बाबा कसे हायत?" सासरे समोर खाटेवर होते, माझ्याकडं टक लावून बघत होते. मी म्हटलं, "बरे हायत. पेज घेतली." पेज तशीच वाटीत होती.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी सासऱ्यांनी मला हाक मारली. "त्याला बोलव गो," म्हणाले. मला वाटलं भ्रमात आहेत. म्हटलं, "बाबा, शपथ घातलीत ना मला?" तर म्हणाले, "मागं घेतली. बोलव."

बोलवू कुठून? बोट समुद्रात. नौदलाच्या कचेरीचा नंबर होता माझ्याकडं, तो लावला. तिकडचा माणूस भला होता, म्हणाला, निरोप लगेच पोचेल, पण बंदर यायला सात दिवस आहेत. मी आत येऊन सांगितलं, "येतायत. निघालेत." पुढचे दोन दिवस ते विचारत राहिले आणि मी तेच सांगत राहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. चुलत दिरानं अग्नी दिला.

बंदराला लागल्याबरोबर ह्यांना विमानानं परत पाठवलं. शिकवणं नाही, झेंडा नाही, ज्याच्यासाठी बापानं पाठवलं ते सगळं दुसऱ्यांवर टाकून आले. निरोप दिल्यापासून नवव्या दिवशी दारात उभे राहिले. खांद्यावरची बॅगसुद्धा उतरवली नव्हती.

"शेवटी मला विचारत होते का गो?"

खरं सांगितलं तर हा माणूस जन्मभर स्वतःला खात राहील, एवढंच मनात आलं. "नाय," मी म्हटलं. "कुणाचंच नाव नाय काढलं. झोपेतच गेले."

मला वाटलं होतं, जीव हलका होईल. हे पायरीवर बसले. खांद्यावरची बॅग आता उतरवली. मग म्हणाले, "मला आपलं उगाच वाटत होतं, वाट बघत असतील."

त्याला आता वर्ष झालं. हे अजून बापाविषयी बोलताना मध्येच उठून जातात, आणि मला माझीच चीड येते. ते दोन दिवस सासरे दाराकडं तोंड करून पडले होते. पाठ दुखायला लागली तरी मला कूस बदलू देत नव्हते.