पुजलेलं मशीन

झेंडूचा वास आला की परभणीतला तो कम्प्युटरचा क्लास आठवतो. लेक तिथं शिकवायची, मी झाडायचे. खंडेनवमीला मालकानं मशीन पुजलं. पुजलेल्याला त्या दिवशी हात लावत न्हाईत, म्हणून समदे घरी गेले, आमी दोघीच मागं राहिलो. मशीन मोकळं बघून लेकीनं त्याच्या आत जुन्या सिस्टीमच्या शेजारी नवी सिस्टीम भरली, तर जुनी उघडंचना. तेवढ्यात मालक आले. लेक म्हणली, "सर, जुनं समदं आत हाय, तिकडं जायची वाट तेवढी पुसली. एक फ्लॉपी लावली की गावंल." मालक म्हणले, "पुजलेल्याला हात लावलास, बाई. आता लावू नको, अन् उद्यापासून येऊ बी नको." मी झाडू भिंतीला टेकवला. उन्हाळ्यात तिचं लगीन लावून दिलं. आता तिच्या घरात कम्प्युटर हाय. खंडेनवमीला ती त्याला फूल वाहते, अन् एरवी चालू करायला बी आपल्या पोराला हाक मारते.