निहारबाबूंची घरची पत्रं

रविवारी आंघोळ झाली की निहारबाबू आमच्या कुसगावच्या घराच्या ओट्यावर पत्र लिहायला बसत. एक वाक्य लिहायचं, ते पुटपुटून पाहायचं, मगच पुढचं. पत्र जायचं ढाक्याला, आईला आणि धाकट्या भावाला. फाळणीनंतर ते रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आले आणि बदल्या होत होत लोणावळा स्टेशनात तारबाबू झाले. मी तिथेच पार्सल ऑफिसात होतो. जेवायला ते आमच्याकडे असत.

माझ्या आईला ते मावशी म्हणत; त्यांची मराठी तिच्याकडूनच शिकलेली, म्हणजे थेट आंदर मावळातली. स्टेशनमास्तरांनाही ते खुशाल सांगत, "साहेब, गाडी लय लेट हाय." आम्ही हसलो की म्हणायचे, "हसा की! दुसऱ्यानं तोंडात घेतली म्हून भाषा उष्टी व्हत न्हाई."

मग ढाक्यात, बंगालीलाही राजभाषा करा म्हणून मोर्चाने निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. भाऊ त्यांच्यात होता, वाचला. तिथलं सरकार म्हणू लागलं, यामागे बाहेरचा हात आहे, हिंदुस्थानातून पोरांना फूस लावतात. पेपर वाचून निहारबाबू मला म्हणाले, "आईची भाषा मागाया फूस लागती का रं?" त्याच रविवारी त्यांनी भावाला लिहिलं: इथं मावशींच्या गावात शेतकऱ्यांची पोरं स्वतःच्या भाषेत शिकतात. तुम्हीही मागे हटू नका. मला त्यांनी ते मराठीत सांगितलं. पत्र मीच पेटीत टाकलं.

दोन महिन्यांनी कलकत्त्याहून त्यांच्या मामांचं पाकीट आलं. भावाला अटक झाली होती, आणि पुरावा होता आमच्या ओट्यावर लिहिलेलं ते पत्र! सरहद्दीपलीकडून आलेला हुकूम, असं पोलिसांनी ठरवलं होतं. "हे तुला कोणी शिकवलं?" असं ते भावाला पुन्हापुन्हा विचारत. शेवटी तो म्हणाला, "आईनं." त्यांनी आईचं नाव लिहून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी त्या म्हातारीला ठाण्यात नेऊन दिवसभर बसवून ठेवलं.

निहारबाबूंनी शाई लागलेली बोटं माझ्यापुढे धरली. "बाहेरचा हात," ते म्हणाले, "ह्यो बघ."

त्यानंतर त्यांनी घरी एक ओळ लिहिली नाही. भाऊ वर्षभराने सुटला, तरी नाही. आईची पत्रं येत: रागावलास का रे? ते वाचून घडी घालून ठेवत. मी एकदा म्हटलं, "नुसती खुशाली तरी कळवा."

"खुशालीतबी त्यास्नी हुकूम दिसंल."

तिसऱ्या वर्षी मामांनी कळवलं, आई गेली. त्यालाही चार महिने होऊन गेले होते. निहारबाबू ड्यूटीवरून थेट आमच्याकडे आले. माझी आई तांदूळ निवडत होती. तिच्यासमोर बसून ते बंगालीत बोलू लागले. इतक्या वर्षांत त्यांना कोणाशी बंगालीत बोलताना मी ऐकलंच नव्हतं. तासभर बोलत होते. आईला एक अक्षर कळत नव्हतं. तिनं सूप बाजूला सारलं, त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि ते थांबले की म्हणायची, "व्हय बाबा. बोल."